शर्यतीपासून उंबरठ्यापर्यंत

लंडनच्या वायव्येस वेम्बली हे उपनगर आहे. तेथील ईलिंग रोडवर रविवारी सकाळी पाऊल ठेवले, की आपण परदेशात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. साड्यांची दालने, सोन्याचांदीच्या पेढ्या, मेथीच्या जुड्या आणि तोंडली मांडलेली भाजीची दुकाने, फरसाणाचा दरवळ आणि कानावर पडणारी गुजराती, असे सारे वातावरण ओळखीचे वाटते. या रस्त्यावरून अर्धा-पाऊण तास चालत गेले, की वेम्बलीच्या स्टेडियमची भव्य कमान समोर येते. फुटबॉलची पंढरी म्हणून या स्थळाची जगभर ख्याती आहे. तथापि १९२३ साली उभे राहिलेले येथील जुने स्टेडियम दीर्घकाळ ज्यांच्या पायांवर चालले, ती फुटबॉलपटूंची नव्हे, तर ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांची पावले होती, हे येथे येणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२७ च्या डिसेंबरात येथे ग्रेहाउंडांच्या शर्यती सुरू झाल्या आणि १९९८ पर्यंत, म्हणजे एकाहत्तर वर्षे, त्या चालल्या. त्यांचा दबदबा एवढा, की १९६६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील उरुग्वे आणि फ्रान्स यांचा सामना वेम्बलीऐवजी व्हाइट सिटी येथे खेळवावा लागला. कारण त्या दिवशी वेम्बलीत कुत्र्यांच्या शर्यती होत्या आणि स्टेडियमचे मालक त्या रद्द करावयास तयार नव्हते. विश्वचषक बाजूला सरला, पण पैजेचा गल्ला बंद पडला नाही.

वेम्बलीला लागून असलेल्या हॅरो येथे एक जैन कुटुंब राहते. घराणे मूळचे सोलापूरचे, पिढीजात धंदा कापडाचा. मुलगा नोकरीनिमित्त लंडनला स्थायिक झाला. एके वर्षी एप्रिलमध्ये सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि आजी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आली, आणि आठवडाही उलटला नसेल, तोच चौदा वर्षांच्या नातीने जेवणाच्या टेबलावर आपला हट्ट मांडला.

"आजोबा, मला कुत्रा हवाय. पण विकत आणायचा नाही. निवृत्त झालेला आणायचा."

'निवृत्त' हा शब्द ऐकून आजोबांना हसू आले. माणूस पेढीवरून निवृत्त होतो, कचेरीतून निवृत्त होतो, पण कुत्रा कशातून निवृत्त होणार? नातीने मग शर्यतींतून बाहेर पडलेल्या ग्रेहाउंडांना घरे शोधून देणाऱ्या संस्थांची माहिती सांगितली. आजोबा लक्षपूर्वक ऐकत राहिले. आजींनी मात्र ताट बाजूला सारले.

"बाळ, आपल्या घरात नाही चालायचे हे," त्या म्हणाल्या. "पक्खी प्रतिक्रमणात आम्ही पंधरा कर्मादानांचे अतिचार आलोचतो. त्यांतले शेवटचे असतीपोषण. कुत्री-मांजरे पोसणे त्यातच येते. आणि त्याच्या खाण्याचे काय? मांसाचा डबा या स्वयंपाकघरात यायचा का?"

या दोन प्रश्नांना त्या रात्री कोणापाशीही उत्तर नव्हते. सुनेने विषय तेवढ्यावर थांबवला. पण आजोबांची चौकस व्यापारी वृत्ती स्वस्थ बसेना. एखाद्या मालाचा सौदा करण्यापूर्वी तो माल कोठून आला, कोणाच्या हातून आला, हे पाहण्याची त्यांची आयुष्यभराची सवय होती. पुढील काही आठवड्यांत लंडन पाहण्याच्या निमित्ताने या कुटुंबाची जी भटकंती झाली, ती त्या सवयीमुळे झाली.

पहिला मुक्काम ईशान्य लंडनमधील वॉल्थमस्टो. तेथे शर्यतींचे एक प्रसिद्ध मैदान १९३३ पासून २००८ पर्यंत चालू होते. आज त्या जागी रहिवासी इमारती उभ्या आहेत, परंतु मैदानाचा दर्शनी भाग संरक्षित वास्तू म्हणून जतन केलेला आहे. उंच पांढरी भिंत, तिच्यावर मोठ्या अक्षरांत मैदानाचे नाव आणि धावत्या कुत्र्याची आकृती. संध्याकाळी निऑन दिव्यांनी हे सारे उजळते. कोणे एके काळी लंडनमध्ये अशी तीसहून अधिक मैदाने होती. २०२५ च्या जानेवारीत क्रेफर्ड येथील मैदान बंद झाल्यावर बृहत् लंडनमध्ये रॉमफर्ड हे एकच उरले. आजोबांनी रॉमफर्डला जाण्यास नकार दिला. पैजेच्या दारात पाऊल ठेवायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम होता. बंद पडलेल्या पेढीची पाटी पाहावी तशी वॉल्थमस्टोची भिंत मात्र त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

या खेळाचा उगम चमत्कारिक आहे. पूर्वी ग्रेहाउंडांची जोडी जिवंत सशामागे सोडून त्यांचा कस पाहत असत. अमेरिकेतील ओवेन पॅट्रिक स्मिथ या गृहस्थाने यंत्राने पळणारा नकली ससा तयार केला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्याच्यामागे कुत्री धावू लागली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी अशी पहिली शर्यत झाली. गोलाकार मार्गावर सहा कुत्री धावतात. पहिल्याच्या अंगावर लाल झूल, दुसऱ्याच्या निळी, तिसऱ्याच्या पांढरी, चौथ्याच्या काळी, पाचव्याच्या नारिंगी आणि सहाव्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने ती धावतात आणि चारशे मीटरची शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. यंत्रामुळे सशाचा जीव वाचला, यात शंका नाही. पण पैजेचा व्यापार वाढला, तसा त्या व्यापाराचा भार सशावरून उतरून कुत्र्यावर आला.

हा भार कसा, ते हिशेबाच्या भाषेत सांगता येते. ग्रेहाउंड साधारण सव्वा वर्षाचा झाला, की धावू लागतो. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान त्याचा वेग घटतो किंवा त्याला दुखापत होते आणि त्याची कमाई थांबते. त्याचे आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचे असते. म्हणजे जमेची बाजू दोन-तीन वर्षांत संपते आणि खर्चाची बाजू पुढे आठ-नऊ वर्षे चालू राहते. यंत्र जुने झाले, तर त्याचा घसारा काढून ते मोडीत घालता येते. परंतु श्वास घेणारी, भूक लागणारी वस्तू खतावणीतून कशी वजा करायची, या प्रश्नाचे उत्तर अनेक मालकांनी फार निष्ठुरपणे दिले. २००६ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील सीहॅम या गावातील एक प्रकरण वृत्तपत्रांनी उजेडात आणले. शर्यतींतून बाद झालेले हजारो ग्रेहाउंड तेथे अनेक वर्षे मारून पुरले जात होते आणि एका कुत्र्यामागे दहा पौंड घेतले जात होते, असे ते वृत्त होते. देश हादरला. पुढे २०१० साली इंग्लंडमध्ये नियम झाले. मैदानावर पशुवैद्य हजर असणे, प्रत्येक कुत्र्याची ओळख पटविणारी खूण असणे आणि दुखापतींची नोंद ठेवणे बंधनकारक झाले.

या नोंदींतून आणखी एक शब्दप्रयोग बाहेर आला. शर्यतींच्या नियामक मंडळाने २०१८ सालापासून आकडे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्या वर्षीच्या तक्त्यात 'आर्थिक कारणास्तव' मरण दिलेल्या कुत्र्यांची संख्या १७५ होती. उपचाराचा खर्च परवडत नाही, एवढेच ते कारण. टीकेच्या रेट्याने पुढील पाच वर्षांत हा आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका खाली आला. २०२० साली निवृत्तीची योजनाही सुरू झाली. तिच्यानुसार प्रत्येक कुत्र्यामागे ४०० पौंडांची रक्कम राखून ठेवली जाऊ लागली, निम्मी मालकाची आणि निम्मी मंडळाची. कुत्रा निवृत्त होऊन मान्यताप्राप्त संस्थेकडे गेला, की ती रक्कम त्या संस्थेला मिळते. याशिवाय पैजा स्वीकारणारे व्यावसायिक आपल्या उलाढालीवर शेकडा ०.६ या दराने स्वेच्छेने एक वर्गणी देतात.

नात मोबाइलवर हे वाचून दाखवीत होती, तेव्हा आजोबा एकाएकी म्हणाले, "अगं, हा तर लागा!"

सोलापूरच्या पांजरपोळ चौकावरून ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्यांना लागा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. मालाच्या सौद्यामागे नाममात्र रक्कम बाजूला काढायची आणि ती पांजरपोळीच्या खात्यावर जमा करायची, ही व्यापारी महाजनांची जुनी रीत. आजोबांनी नातीला मग मुंबईची हकीकत सांगितली. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या लोभाने घरांतली कुत्रीसुद्धा मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही बाजार बंद ठेवून साथ दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांचे सहकारी महाजन यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

"म्हणजे आपली पांजरपोळ कुत्र्यांपायी सुरू झाली?" नातीने विचारले.

"मुंबईची तरी झाली," आजोबा म्हणाले. "मुंबईत आठ आणे, इथे दहा पौंड. मारण्याचा भाव सगळीकडे स्वस्तच."

आजी गाडीत मागे बसून सारे ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ही मंडळी हर्टफोर्डशायर परगण्यातील ट्रिंग या टुमदार गावी गेली. रॉथशिल्ड या प्रख्यात बँकिंग घराण्यातील वॉल्टर रॉथशिल्ड यांना पेढीपेक्षा प्राण्यांत अधिक रस. त्यांनी जमविलेल्या संग्रहाचे संग्रहालय १८९२ साली लोकांसाठी खुले झाले आणि पुढे ते लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा भाग बनले. लाकडी चौकटींच्या उंच काचपेट्यांत पेंढा भरलेले हजारो प्राणी येथे उभे आहेत. आजी दारातूनच परतल्या आणि बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसल्या. आजोबा नातीसोबत आत गेले, ते एका विशिष्ट काचपेटीसाठी.

त्या पेटीत 'मिक द मिलर' आहे. आयर्लंडमधील किली या गावात १९२६ साली, एका धर्मगुरूच्या घरी तो जन्मला. लहानपणी मोठ्या आजारातून तो जेमतेम वाचला. १९२९ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर डर्बी ही मानाची शर्यत त्याने जिंकली. त्या स्पर्धेच्या काळातच तो ८०० गिनींना विकला गेला आणि पुढे पुन्हा विकला गेला, तेव्हा त्याची किंमत आणखी वाढली होती. १९३० मध्ये त्याने डर्बी दुसऱ्यांदा जिंकली. सलग एकोणीस शर्यती जिंकण्याचा विक्रम केला. निवृत्तीनंतर एका चित्रपटातही तो झळकला. १९३९ साली तो मरण पावला आणि कातडीत पेंढा भरून येथे उभा केला गेला. बारीक कंबर, खोल छाती, लांब मान. काचेपलीकडे तो आजही सूचना मिळताच धाव घेईल, असा उभा आहे.

आजोबा बाहेर आले आणि आजींच्या शेजारी बसले. "जो जिंकला, त्याला काचेची पेटी मिळाली," ते म्हणाले. "बाकीच्यांची नावेसुद्धा कोणाला ठाऊक नाहीत."

परतीच्या वाटेवर त्याच परगण्यात पॉटर्स बारजवळ नॉर्थॉ येथे ओशवाल सेंटर लागते. हिरव्यागार शेतांच्या मधोमध भारतीय शिल्पपद्धतीने कोरलेले शिखरबद्ध देरासर उभे आहे. पूर्व आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये आलेल्या ओशवाल बांधवांनी व्यापारात पाय रोवल्यावर हे धर्मस्थान घडविले. इंग्लंडच्या ढगाळ आकाशाखाली ते शिखर दिसले, की मन शांत होते. दर्शन-चैत्यवंदन आटोपून मंडळी बाहेरच्या बागेत बसली. तेथे आजींनी आठवडाभर मनात घोळविलेली गोष्ट बोलून दाखविली.

"चातुर्मासात महाराजसाहेबांनी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातून असतीपोषण समजावले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर, हे सारे त्यात आहेत. पण महाराजसाहेब एका शब्दावर थांबले होते. धनासाठी. धनासाठी त्यांना पोसणे, हा दोष. मी नुसती यादी लक्षात ठेवली, तो शब्द विसरले."

थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "शर्यतवाल्यांनी त्यांना धनासाठी पोसले. आता ज्याच्यापासून धन मिळायचे नाही, त्याला कोणी पोसले, तर त्याला असतीपोषण कसे म्हणायचे? ती जीवदयाच. पण माझा दुसरा प्रश्न सुटलेला नाही."

दुसरा प्रश्न अन्नाचा होता आणि तो भावनेने सुटणारा नव्हता. त्यासाठी सुनेने पशुवैद्यांची भेट घेतली. त्यांनी स्पष्टपणे सांगितले ते असे. मांजराला मांसाहाराशिवाय जगता येत नाही, म्हणून शाकाहारी घराने मांजराच्या बाबतीत हट्ट धरू नये. कुत्र्याची पचनशक्ती वेगळी असते. सर्व पोषकद्रव्ये मोजून तयार केलेल्या संपूर्ण शाकाहारी आहारावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. परंतु पोळी, भात किंवा दूध म्हणजे संपूर्ण आहार नव्हे. आहार हळूहळू बदलावा, वजन आणि रक्त वेळोवेळी तपासावे, आणि प्रकृती खालावते असे दिसले, तर प्राण्याचे हित आधी पाहावे. हे शेवटचे वाक्य ऐकून सून गंभीर झाली. मात्र वैद्यांनी दिलेली आणखी एक यादी पाहून तिला हसू आवरेना. कुत्र्याला जे जे विषारी, त्यात कांदा आणि लसूण अग्रभागी होते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्यामागोमाग.

"आई," घरी येताच ती सासूबाईंना म्हणाली, "कुत्र्यासाठी आपल्यासारखे सुरक्षित स्वयंपाकघर या गल्लीत दुसरे नसेल. फक्त मनुकांची बरणी वरच्या फळीवर ठेवायची."

आजी हसल्या. पण त्यांनी एक अट घातली. प्रकृतीसाठी कधी वेगळे अन्न देण्याची वेळ आली, तर ते गॅरेजमध्ये वेगळ्या भांड्यात द्यावे. त्या कारणासाठी प्राण्याला परत पाठवू नये. "घेतलेला जीव सोयीप्रमाणे परत करायचा, तर शर्यतवाल्यांत आणि आपल्यात फरक काय?"

आता उरली ती निवड. निवृत्त ग्रेहाउंडांच्या केंद्रात कुत्रा दाखविला आणि हाती दिला, असे होत नाही. आधी अर्ज, मग घराची पाहणी. कुंपण पुरेसे उंच आहे का, घरात लहान मूल किंवा मांजर आहे का, दिवसा घरी कोण असते, हे सारे विचारले जाते. कर्ज देण्यापूर्वी बँकेने तारण पाहावे, तशीच ही चौकशी असते. फरक एवढाच, की येथे तारण द्यायचे ते वेळेचे आणि धीराचे. आजोबांना ही काटेकोर पद्धत मनापासून आवडली.

केंद्रात लांब पडव्यांतून जाळीच्या खोल्या होत्या. भुंकण्याचा गोंगाट असेल, अशी आजींची समजूत होती. पण ग्रेहाउंड फारसे भुंकत नाहीत. उंच, सडपातळ, मोठ्या डोळ्यांचे ते प्राणी जाळीपाशी येऊन नुसते उभे राहत. एका कोपऱ्यातील काळी मादी मात्र उठली नाही. तिचे नाव हेझल, वय साडेचार वर्षे. तिच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्याचे हाड मोडून जुळले होते. शर्यतीचा मार्ग नेहमी डावीकडे वळतो आणि वळणावर सारा भार उजव्या मागच्या पायावर येतो, म्हणून ही दुखापत ग्रेहाउंडांत नेहमीची, असे केंद्रातील बाईंनी सांगितले. तिच्या कानांत आयर्लंडमध्ये गोंदलेली हिरवट अक्षरे होती. ब्रिटनमध्ये धावणारे बहुसंख्य ग्रेहाउंड आयर्लंडमध्येच जन्मतात.

आजोबा गुडघा धरीत खाली वाकले. त्यांचाही उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी बदललेला. हेझल सावकाश उठली, किंचित लंगडत आली आणि आपले अंग तिने त्यांच्या पायाला टेकविले. हा या जातीचा स्वभाव. ग्रेहाउंड अंगावर उड्या मारीत नाही, नुसता टेकून उभा राहतो.

"हीच," आजोबा म्हणाले.

नातीला तिचे नाव बदलायचे होते. आजी म्हणाल्या, "राहू दे गं. तिचे एवढे एक तरी तिच्याजवळ राहू दे."

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे कसोटीचे गेले. शर्यतीचा कुत्रा घरात वाढलेला नसतो. हेझलने जिना कधी पाहिला नव्हता. पहिल्या पायरीशी ती थरथरत उभी राही. मुलगा तिचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवी. काचेचे दार म्हणजे मोकळी वाट, असे समजून ती एकदा त्यावर आदळली, तेव्हा काचेवर कागदी पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. ती उघड्या डोळ्यांनी झोपे. झोपेत अचानक स्पर्श झाला, तर दचकून गुरगुरे. म्हणून आधी हाक मारायची, मगच जवळ जायचे, असा घराचा नियम झाला. तिची मान डोक्याहून रुंद, त्यामुळे साधा पट्टा सुटून येई. रुंद, आपोआप आवळणारा पट्टा आणावा लागला. अंगावर चरबी नाही आणि कातडी पातळ, म्हणून गार वाऱ्यात झूल लागे. मात्र एवढा वेगवान प्राणी घरात धुमाकूळ घालील, ही सर्वांची भीती खोटी ठरली. वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या, की ती उरलेला दिवस झोपून काढी. तिचे संध्याकाळचे जेवण आजींच्या चौविहाराआधी ठरलेल्या वेळी होई. लंडनचा जूनमधील सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे तेही जमून गेले.

खरी परीक्षा जूनच्या अखेरीस झाली. हेझल बागेत मोकळी होती. कुंपणावरून एक खार गवतावर उतरली. पुढे जे घडले, ते पाहण्याइतकाही अवधी कोणाला मिळाला नाही. काळी रेघ ओढावी तशी हेझल बाग ओलांडून गेली. खार अगदी थोडक्यात फळीवर चढून निसटली. आजी खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे हात कापत होते. त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतले नाही. आपल्या घरी आणलेल्या जिवाच्या तोंडून दुसरा जीव गेला असता, तर तो दोष कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना.

मुलगा म्हणाला, "आई, तुला सहन होत नसेल, तर केंद्रात विचारून बघू."

आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला जे शिकवले, तेच तिने केले. ते शिकवणाऱ्याचे पाप तिच्या गळ्यात कशाला? सावध आपण राहायचे."

त्या दिवसापासून बागेत जाताना हेझलच्या तोंडाला जाळी लावण्याचा प्रघात पडला. शर्यतीच्या कुत्र्यांना या जाळीची सवय असते. त्यांना तिचा त्रास होत नाही आणि तिच्यातून पाणीही पिता येते. परंतु आजींना तेवढ्याने समाधान नव्हते. रोज सकाळी दार उघडण्यापूर्वी त्या स्वतः बागेत जात, चारी बाजूंना फिरून टाळ्या वाजवीत आणि खारी-पाखरे उडून गेली, याची खात्री झाली, की मगच म्हणत, "आता सोडा तिला."

शर्यतींचे दिवस जगभर ओसरत आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० पासून आणि फ्लोरिडात मतदारांच्या कौलाने २०२० च्या अखेरीपासून त्या बंद झाल्या. गोव्याप्रमाणेच एकेकाळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या मकाव येथील मैदान २०१८ साली बंद पडले, तेव्हा तेथे पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मागे राहिले होते. प्राणिमित्र संस्थांनी देशोदेशी घरे शोधून त्यांना धाडले. न्यूझीलंडच्या सरकारनेही २०२४ च्या डिसेंबरात शर्यती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. मैदान बंद होणे ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक बंद होणाऱ्या मैदानामागे काही शे जीव दाराशी उभे राहतात. तेव्हा घोषणा नव्हे, तर घरे लागतात. आठ-नऊ वर्षांचा खर्च, वैद्याची बिले, दात आणि सांधे यांची काळजी, प्रवासाला जाताना मागे कोण, हे सारे आधी मांडून, खर्चाची बाजू पूर्ण भरून आणि जमेची बाजू कोरी सोडून ज्याला सही करता येईल, त्यानेच या वाटेला जावे. आपल्या पूर्वजांनी पांजरपोळीचे खाते याच पद्धतीने लिहिले होते. त्या खात्यातून कधी नफा यावा, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तरी ते खाते त्यांनी कधी बंद केले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस आजोबा-आजी सोलापूरला परतली. निघताना आजोबांनी मुलाच्या हाती एक पाकीट दिले. वर लिहिले होते, 'हेझल, वैद्य खाते'. सोलापुरात पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते पांजरपोळीत जाऊन आले.

आता रोज दुपारी सोलापूरहून हॅरोला फोन जातो. तेव्हा तेथे सकाळ असते. नात हेझलला बागेत सोडण्याच्या तयारीत असते. कुशल विचारण्याच्याही आधी आजींचा एक प्रश्न ठरलेला असतो.

"टाळ्या वाजवल्यास का गं?"